परिचारिकेची नोंद आणि वाट पाहणारे घर

दिल्लीहून उत्तरेस सुमारे नव्वद किलोमीटरवर पानिपत हे शहर आहे. हा जिल्हा आज राष्ट्रीय राजधानी प्रदेशात मोडतो, आणि शहराच्या बाहेर, शेतांच्या मध्ये, काला अंब नावाचे एक स्थान आहे. तेथे पूर्वी आंब्याचे एक झाड होते. रणात सांडलेल्या रक्ताने ते काळे पडले, अशी लोकांची समजूत होती. झाड केव्हाच गेले. आता तेथे विटांचा एक स्तंभ उभा आहे. १४ जानेवारी १७६१ या दिवशी जे मराठे या परिसरात पडले त्यांची आठवण म्हणून महाराष्ट्रातून येणारा प्रवासी त्या स्तंभापाशी काही क्षण उभा राहतो. स्तंभावर त्याला आपल्या गावच्या कोणाचे नाव मात्र सापडत नाही. कारण पडलेल्यांची यादी कोणी केलेलीच नव्हती.

परिचर्येच्या संशोधनाविषयीच्या लेखाचा आरंभ रणभूमीवरून व्हावा, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. परंतु या संशोधनातील तीन विषय, म्हणजे रुग्णाविषयी नोंद ठेवणे, त्याच्या मनाची व सामाजिक परिस्थितीची काळजी घेणे आणि त्याच्या कुटुंबाने संकट पेलणे, हे वेगळे वेगळे शिकवले जात असले तरी मुळात एकमेकांत गुंतलेले आहेत. ते कसे गुंतले आहेत, हे जेथे नोंदच झाली नाही अशा ठिकाणी सर्वांत स्पष्ट दिसते. म्हणून प्रथम काला अंबकडे वळू.

एका घराकडे आलेल्या तीन बातम्या

पानिपतावर पेशव्यांच्या घरातील तीन पुरुष कामास आले. नानासाहेब पेशव्यांचे ज्येष्ठ पुत्र विश्वासराव गोळी लागून पडले. त्यांचा देह हाती लागला, ओळखला गेला आणि त्यावर अग्निसंस्कार झाला. बाजीराव व मस्तानी यांचे पुत्र समशेर बहाद्दर जखमी अवस्थेत रणातून बाहेर पडून जाटांच्या मुलुखात पोहोचले. तेथे राजा सूरजमल व राणी किशोरी यांनी पळून आलेल्या मराठ्यांना अन्नवस्त्र दिले व जखमींच्या उपचारांची व्यवस्था केली. समशेर बहाद्दर त्या उपचारांनी वाचले नाहीत. पण ते कोठे, कोणाच्या देखरेखीखाली आणि कशाने गेले हे कळले.

तिसरे सदाशिवरावभाऊ. विश्वासराव पडल्यानंतर ते गर्दीत घुसले आणि दिसेनासे झाले. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने फारसीत लिहून ठेवले आहे की, पुढे शिर नसलेले एक प्रेत मिळाले आणि अंगावरील जुन्या खुणांवरून ते भाऊंचे असल्याचे ठरवण्यात आले. ही नोंद मोलाची आहे. परंतु ती लिहिली गेली सुमारे १७८० मध्ये, म्हणजे लढाईनंतर जवळजवळ वीस वर्षांनी, आणि ज्या घराला तिची गरज होती त्या घरापासून शेकडो कोस दूर.

दरम्यान त्या घराचे काय झाले? पेशव्यांना लढाईचा निकाल प्रथम समजला तो सावकारी सांकेतिक भाषेतील पत्रातून. मोती आणि मोहरा यांच्या रूपकाने थोरांचा नाश त्यात सांगितला होता. लहान नाण्यांची तर मोजदादच होऊ शकत नाही, असा त्याचा शेवट होता. त्याच वर्षी २३ जून रोजी नानासाहेब पुण्यास पर्वतीवर मरण पावले. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई स्वतः छावणीत होत्या व वाचून परत आल्या. पती गेले हे त्यांनी अखेरपर्यंत मानले नाही, असे परंपरा सांगते. १७६३ मध्ये त्यांचा अंत झाला. पुढे मीच सदाशिवरावभाऊ, असे सांगणारा एक तोतया उभा राहिला. त्याला कैदेत ठेवले तरी १७७६ मध्ये तो कोकणात सुटला, माणसे जमवली, किल्ले घेतले. अखेर पकडला जाऊन त्याच वर्षी पुण्यात देहदंडास पात्र ठरला. पानिपतानंतर पंधरा वर्षांनीही लोक त्याच्यामागे गेले, कारण भाऊ नक्की गेले असे कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नव्हते.

विश्वासरावांचा वा समशेर बहाद्दरांचा असा तोतया राज्य हादरवण्याइतका मोठा झाला नाही. दुःख तिन्ही मृत्यूंचे होते; तिसऱ्यात दुःखाबरोबर अनिश्चितता होती. त्या तोतयाचा बंदोबस्त करणाऱ्या कारभाऱ्यांत नाना फडणीस प्रमुख होते. ते स्वतः पानिपतातून जीव वाचवून परतले होते. त्यांच्या मातोश्री मात्र परतल्या नाहीत. मराठी राज्याचे हिशेब आणि कागद सांभाळणाऱ्या फडणिसाच्या घरातच नोंद नसलेल्या माणसाचे दुःख होते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

नोंद म्हणजे काय

युद्धात पडलेल्या सामान्य शिपायाची नोंद व्हावी, हा विचार जगात उशिरा आला. अमेरिकेतील यादवी युद्धानंतर क्लारा बार्टन या बाईंनी बेपत्ता सैनिकांचा शोध घेणारी कचेरी चालवली. जखमींची शुश्रूषा करण्यासाठी त्या रणांगणावर गेलेल्या होत्या. १८६५ ते १८६८ या काळात त्यांच्याकडे साठ हजारांहून अधिक पत्रे आली आणि सुमारे बावीस हजार बेपत्तांचा ठावठिकाणा त्यांनी लावून दिला. त्यांतील बहुतेक मृत होते. तरीही घरोघरी त्या उत्तराची वाट पाहिली जात होती. शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीनेच हे काम हाती घ्यावे हा योगायोग नव्हता. मरणाऱ्याच्या उशाशी जो असतो त्यालाच घराला सांगण्यासारखे काही ठाऊक असते.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या कार्यात हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने दिसते. नोव्हेंबर १८५४ मध्ये त्या स्कुटारी येथील लष्करी रुग्णालयात पोहोचल्या, तेव्हा तेथील मृत्यूंच्या निरनिराळ्या नोंदवह्यांचा परस्परांशी मेळ बसत नव्हता. किती माणसे मेली हेच जेथे निश्चित नाही, तेथे कशाने मेली हे कसे कळणार? पुढे त्यांनी आकडे जुळवले, त्यांची चित्ररूप मांडणी केली, आणि बहुसंख्य सैनिक जखमांनी नव्हे तर टाळता येण्याजोग्या रोगांनी मेले, हे दाखवून दिले. १८६० च्या लंडन येथील आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र परिषदेपुढे सर्व रुग्णालयांसाठी एकसारखे नोंदपत्रक असावे अशी त्यांची योजना आली. त्याच बाई रात्री बसून मृत सैनिकांच्या आईबापांना पत्रे लिहीत; मुलगा कसा होता, काय बोलला, ते कळवीत. पत्रक सरकारसाठी होते, पत्र घरासाठी होते. दोन्ही एकाच निरीक्षणातून निघत होती.

परिचर्येतील नोंद या शब्दाने सामान्यतः तक्त्यावरील आकडे डोळ्यांपुढे येतात: ताप, नाडी, रक्तदाब, पोटात गेलेले पाणी व बाहेर पडलेली लघवी, दिलेली औषधे आणि त्यांच्या वेळा. हे सर्व अत्यावश्यक आहे. रुग्णालयात परिचारिकांची पाळी बदलते तेव्हा रुग्णाची सगळी हकीकत एका मनुष्याच्या स्मरणातून दुसऱ्याच्या स्मरणात जायची असते, आणि स्मरण विश्वासपात्र नसते. दिलेले औषध लिहिले नाही तर ते दुसऱ्यांदा दिले जाण्याचा धोका राहतो. न दिलेले दिले असे लिहिले तर त्याहून मोठा धोका. १९६७ मध्ये हेलन युरा व मेरी वॉल्श यांनी परिचर्येच्या कामाची चार पायऱ्यांत मांडणी केली: रुग्णाची स्थिती पारखणे, योजना करणे, ती अमलात आणणे आणि परिणाम तपासणे. या चारही पायऱ्यांना नोंदीचा आधार लागतो, कारण काल काय ठरले होते हे ठाऊक नसेल तर आज काय साधले हे तपासता येत नाही.

परंतु नोंदीत काय यावे, हा प्रश्न उरतोच. एक कल्पित उदाहरण घेऊ. शस्त्रक्रिया झालेल्या एका शेतकऱ्याबद्दल रात्रपाळीची परिचारिका लिहिते: ‘रात्री झोप नाही. वेदनाशामक दिले.’ दुसरी परिचारिका त्याच रुग्णाबद्दल लिहिते: ‘रात्री दोन वाजता जागा. दुखत नाही म्हणतो. उद्या मुलगा गावी परत जाणार, भात कापणीला आला आहे, हे दोनदा सांगितले. जवळ बसून बोलले. साडेतीनला झोप लागली. सकाळी मुलाला भेटावे.’ दुसऱ्या नोंदीला एखादे मिनिट अधिक लागले असेल. पण पहिली नोंद वाचून सकाळची परिचारिका औषधाची मात्रा वाढवण्याचा विचार करील, आणि दुसरी वाचून मुलाला बोलावील. रुग्ण तोच, रात्र तीच. उपचाराची दिशा नोंदीने बदलली.

मनाची शुश्रूषा

ज्याला आज मनोसामाजिक शुश्रूषा असे काहीसे अवघड नाव आहे, ती वरच्या उदाहरणात आली आहे. रुग्णाची भीती, लाज, एकाकीपणा, घरची ओढ, पैशाची विवंचना, त्याचे घरातील व गावातील स्थान, या सर्वांचा त्याच्या आजाराशी संबंध असतो, आणि त्याकडे लक्ष देणे हे उपचाराचेच अंग आहे, असा तिचा अर्थ. नाइटिंगेल यांनी १८५९ च्या आपल्या परिचर्येवरील पुस्तकात हे ओळखले होते. श्रमांपेक्षा अनिश्चितता, वाट पाहणे आणि अनपेक्षिताची धास्ती रुग्णाला अधिक अपाय करतात, असे त्यांचे मत होते. आणि पोकळ धीर देणाऱ्या पाहुण्यांवर त्यांचा विशेष राग होता.

१९५२ मध्ये हिल्डेगार्ड पेप्लाऊ या परिचारिका-अभ्यासिकेने परिचारिका आणि रुग्ण यांच्यातील नाते हेच उपचाराचे एक साधन असते, असे सविस्तर प्रतिपादन केले. नंतर मर्ल मिशेल यांनी आजारातील अनिश्चितता हाच आपल्या संशोधनाचा विषय केला. अनिश्चितता मोजण्याची मोजपट्टी त्यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केली आणि १९८८ मध्ये तिच्यावर आधारलेला सिद्धान्त मांडला. त्याचे सार असे की, आपल्या आजारात काय चालले आहे याचा अर्थ रुग्णाला लावता येत नाही तेव्हा अनिश्चितता उपजते. ती कमी होण्यास तीन गोष्टींचे साह्य होते: विश्वास ठेवावा अशी जाणती व्यक्ती, आप्तांचा आधार, आणि आजाराविषयीचे ज्ञान. मिशेल यांच्या मते अनिश्चितता नेहमीच शत्रू नसते. निदान वाईट असण्याची शक्यता असते तेव्हा काही रुग्ण अनिश्चिततेतच आशेला जागा शोधतात. म्हणून परिचारिकेने सर्व काही एकदम सांगून टाकावे असा याचा अर्थ होत नाही. रुग्णाला काय जाणून घ्यायचे आहे, हे प्रथम तिने जाणून घ्यावे, आणि जे कळले ते लिहून ठेवावे; नाहीतर दुसऱ्या पाळीतील व्यक्ती नकळत नेमके उलटे बोलून बसते.

कुटुंब संकट कसे पेलते

एकच संकट दोन घरांवर येते. एक घर मोडते, दुसरे वाकते पण उभे राहते. असे का व्हावे? दुसऱ्या महायुद्धात घरचा कर्ता पुरुष दूर गेलेल्या आणि पुढे परत आलेल्या कुटुंबांचा अभ्यास रूबेन हिल या समाजशास्त्रज्ञाने केला व १९४९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याची मांडणी सोपी आहे. आधी एक घटना घडते. त्या घटनेला तोंड देण्यासाठी कुटुंबापाशी काही साधने असतात: पैसा, माणसे, आरोग्य, शेजार. तिसरी गोष्ट म्हणजे कुटुंब त्या घटनेला जो अर्थ देते तो. या तिहींच्या परस्परक्रियेतून संकट किती खोल जाईल ते ठरते. १९८३ मध्ये मॅककबिन व पॅटर्सन यांनी या मांडणीत काळाची भर घातली. एका घटनेमागून दुसऱ्या अडचणी साचत जातात. आजारामागून कर्ज येते, कर्जामागून मुलांची शाळा सुटते. म्हणून कुटुंबाकडे एकदाच पाहून भागत नाही.

परिचारिकेला यातून काय मिळते? घटना तिच्या हातात नसते. अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेला असतो. साधनांत ती थोडी भर घालू शकते; कुशीवर कसे वळवावे, नळीतून अन्न कसे द्यावे, हे मुलीला वा सुनेला शिकवू शकते. तिसऱ्या घटकावर, म्हणजे घटनेच्या अर्थावर, तिचा प्रभाव सर्वांत अधिक पडतो. ‘माझ्याच हयगयीने हे झाले’ असे मानणाऱ्या मुलाला रोगाचे खरे कारण समजले तर घटना तीच राहते, पण घराचा भार हलका होतो.

अतिदक्षता विभागात असलेल्या रुग्णांच्या आप्तांना नेमके काय हवे असते, हे नॅन्सी मोल्टर यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विचारले. चाळीस नातेवाइकांपुढे त्यांनी पंचेचाळीस गरजांची यादी ठेवली. अधिक चांगली खोली किंवा बसायला आरामशीर जागा यांना वरचे स्थान मिळाले नाही. सर्वांत वर होती ती आशा बाळगण्याची गरज. त्यासोबत नातेवाइकांना हवे होते ते प्रश्नांचे प्रामाणिक उत्तर, आणि आपल्या माणसाबद्दल येथल्या लोकांना आस्था आहे असा विश्वास. आशा आणि प्रामाणिकपणा यांची सांगड कशी घालावी, ही परिचारिकेची कसोटी आहे.

ती सांगड घालता येते, हे फ्रान्समधील एका प्रयोगाने दाखवले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात बावीस अतिदक्षता विभागांतील १२६ मरणासन्न रुग्णांचे आप्त सहभागी झाले. निम्म्यांशी नेहमीच्या रीतीने बोलणे झाले. निम्म्यांशी ठरवून, त्यांचे ऐकून घेत, त्यांच्या भावनांची दखल घेत बैठक झाली व त्यांना एक पुस्तिका दिली गेली. पहिल्या गटातील बैठक साधारण वीस मिनिटांची होती, दुसऱ्या गटातील तीस मिनिटांची. आप्त स्वतः बोलले ते पहिल्या गटात पाच मिनिटे, दुसऱ्यात चौदा. नव्वद दिवसांनंतर मानसिक आघाताची तीव्र लक्षणे पहिल्या गटातील शंभरांपैकी सुमारे ६९ जणांत, तर दुसऱ्या गटातील ४५ जणांत आढळली. रुग्ण कोणत्याही गटातले वाचणार नव्हते. फरक पडला तो मागे राहिलेल्यांच्या पुढील जीवनात, आणि तो अधिक दिलेल्या दहा मिनिटांनी पाडला.

समोर असून नसलेला माणूस

आता पुन्हा सदाशिवरावभाऊंकडे येऊ. १९७० च्या दशकात पॉलिन बॉस यांनी व्हिएतनामच्या युद्धात बेपत्ता झालेल्या अमेरिकन सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास केला आणि त्यातून एक कल्पना मांडली. तिला मराठीत ‘संदिग्ध वियोग’ म्हणता येईल. माणूस गेला हे निश्चित नसल्याने शोक पुरा होत नाही, आणि आहे हेही निश्चित नसल्याने संसार पुढे जात नाही. पत्नीने कुंकू लावावे की पुसावे, घरात त्याचे ताट मांडावे की नाही, अशा प्रत्येक लहान निर्णयापाशी घर अडते. पार्वतीबाईंची हकीकत ज्या मराठी वाचकाला ठाऊक आहे त्याला ही कल्पना समजावून सांगण्याची गरज नाही.

बॉस यांनी या वियोगाचे दोन प्रकार केले. पहिल्यात देह दूर असतो पण माणूस मनात असतो. दुसऱ्यात देह समोर असतो पण ओळखीचा माणूस हरवलेला असतो. स्मृतिभ्रंशाने पत्नीला न ओळखणारा पती किंवा बेशुद्धीतून न परतणारा रुग्ण ही दुसऱ्या प्रकारची उदाहरणे. रुग्णालयात परिचारिकेला नित्य भेटतो तो हाच प्रकार.

याचे एक टोकाचे उदाहरण मुंबईतच घडले. केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये रुग्णालयातच क्रूर हल्ला झाला आणि त्यांची जाणीव कायमची हरपली. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत, सुमारे बेचाळीस वर्षे, त्याच रुग्णालयातील परिचारिकांनी त्यांना सांभाळले. पहिल्या पिढीतील परिचारिका निवृत्त झाल्या. ज्यांनी अरुणांना कधी बोलताना ऐकलेही नव्हते अशा तरुण मुलींनी ते काम पुढे चालवले. इतकी वर्षे अंथरुणाला खिळलेल्या देहावर शय्याव्रण होऊ न देणे हे नेमस्त, रोजच्या, लिहून ठेवलेल्या परिचर्येशिवाय शक्य नसते. दयामरणाच्या याचिकेवर ७ मार्च २०११ रोजी निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने या शुश्रूषेची मुक्तकंठाने प्रशंसा केली, आणि अरुणांच्या वतीने बोलण्याचा अधिकार रुग्णालयाच्या या सेवकवर्गाचा मानला. दयामरणाविषयी वाचकांचे मत काहीही असो, एक गोष्ट मान्य करावी लागते: येथे शुश्रूषा करणाऱ्याच कुटुंब झाल्या होत्या, आणि संदिग्ध वियोगाचे ओझे त्यांनीच वाहिले. असे ओझे वाहणाऱ्या परिचारिकांना आधार कोण देणार, हाही या संशोधनाचा एक प्रश्न आहे.

रुग्णाची रोजनिशी

नोंद घरासाठीही लिहावी, या विचारातून युरोपातील काही देशांत अतिदक्षता विभागातील परिचारिका रुग्णाची रोजनिशी लिहू लागल्या. ती वैद्यकीय कागदांहून वेगळी असते. ‘आज तुमची मुलगी आली होती. तिने तुमचा हात धरला. बाहेर पाऊस आहे.’ अशा साध्या भाषेत ती रुग्णालाच उद्देशून असते. अनेक दिवस गुंगीत राहिलेल्या रुग्णाला जाग आल्यावर हरवलेल्या दिवसांच्या जागी भयंकर भास आठवतात. रोजनिशी वाचून त्याला खरे काय घडले ते जुळवता येते. आप्तही तीत लिहितात. सहा देशांतील बारा रुग्णालयांत ३५२ रुग्णांवर केलेला एक प्रयोग २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. रोजनिशी समजावून हाती दिलेल्या रुग्णांत मानसिक आघाताचा विकार नव्याने जडल्याचे प्रमाण शेकडा पाच होते, इतरांत ते शेकडा तेरा होते.

परंतु २०१९ मध्ये फ्रान्समधील पस्तीस विभागांत ६५७ रुग्णांवर झालेल्या मोठ्या प्रयोगात असा निर्णायक फरक दिसला नाही. दोन्ही निष्कर्ष शेजारी ठेवून वाचले पाहिजेत. रोजनिशी हा ताईत नव्हे. ती कोणी, कशी लिहिली, कोणाच्या हाती केव्हा दिली आणि देताना जवळ बसून कोणी बोलले की नाही, यांचा विचार व्हावा लागतो. संशोधनाचे काम नेमके हेच: चांगल्या हेतूलाही प्रश्न विचारणे.

आपल्या रुग्णालयांत

महाराष्ट्रात परिचर्येला प्रतिष्ठा मिळवून देण्याचे काम सोपे नव्हते. १९०९ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सेवासदनातून रमाबाई रानडे यांनी स्त्रियांना, विशेषतः विधवांना, ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण घेण्यास प्रवृत्त केले, तेव्हा परक्या पुरुषाची शुश्रूषा भल्या घरच्या बाईने करावी काय, असे विचारणारे लोक होते. तो प्रश्न आज उरला नाही. आजचे प्रश्न वेगळे आहेत.

पहिला वेळेचा. सार्वजनिक रुग्णालयाच्या कक्षात एका परिचारिकेकडे इतके रुग्ण असतात की नोंद लिहिणे आणि रुग्णापाशी बसणे ही एकमेकांची स्पर्धक कामे होऊन बसतात. एकच माहिती चार वह्यांत उतरवावी लागत असेल तर हा विरोध वाढतो. वरील उदाहरणातील दुसरी नोंद लिहिली जावी अशी इच्छा असेल, तर बाकीच्या अनावश्यक वह्या कमी केल्या पाहिजेत.

दुसरा प्रश्न कुटुंबाच्या स्थानाचा. पाश्चात्त्य संशोधनात नातेवाईक हा भेटीला येणारा मनुष्य असतो. आपल्याकडे तो रुग्णाच्या खाटेखाली सतरंजी टाकून राहतो, औषधे आणतो, अंग पुसतो, डबा भरवतो. तो परिचारिकेचा बिनपगारी सहायक असतो, आणि रात्री रुग्णाला काय झाले हे बहुधा त्यालाच ठाऊक असते. तरीही त्याने पाहिलेले नोंदीत क्वचितच उतरते. २०२० मध्ये करोनाची साथ आली आणि नातेवाइकांना कक्षाच्या बाहेर ठेवावे लागले, तेव्हा या माणसाचे मोल कळले. रुग्णाच्या कानाशी दूरध्वनी धरणारी परिचारिका हाच अनेक घरांचा शेवटचा दुवा उरला. ज्यांना आपल्या माणसाचा चेहरा अखेरीस पाहता आला नाही, त्यांच्या दुःखात पानिपताचा अंश होता.

तिसरा प्रश्न भाषेचा. केसपेपर इंग्रजीत असतो. मागणी केल्यास बहात्तर तासांच्या आत कागदपत्रे द्यावीत, असे वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीने डॉक्टरांवर बंधन घातले, आणि ते योग्यच झाले. परंतु सातारा किंवा परभणी जिल्ह्यातील एखाद्या म्हातारीच्या हाती ते कागद पडले तरी तिला त्यातून काय कळणार? काशीराजाची फारसी नोंद पार्वतीबाईंच्या उपयोगी पडली नाही, तशीच ही गत. सगळा केसपेपर मराठीत लिहावा असा आग्रह येथे नाही. रुग्ण घरी जाताना, किंवा रुग्णाशिवाय घरचे परत जाताना, काय झाले, काय केले, शेवटच्या दिवसांत तो कसा होता, हे मराठीत अर्ध्या पानावर लिहून देणे आणि ते वाचून दाखवणे, एवढे तरी करता येण्यासारखे आहे. त्यासाठी यंत्रसामग्री लागत नाही.

या सर्व संशोधनाचे तात्पर्य असे सांगता येईल की, नोंदीत तीन गुण असावे लागतात. ती वेळेवर झालेली असावी, तिच्यावर विश्वास ठेवता यावा, आणि ज्याला तिची गरज आहे त्याला ती कळावी. भाऊंच्या देहाच्या नोंदीत यांपैकी एकही गुण त्यांच्या घरापुरता उतरला नाही, आणि तिची किंमत एका स्त्रीने व पुढे एका राज्याने मोजली.

दरवर्षी १४ जानेवारीला काला अंब येथे मराठी माणसे जमतात, फुले वाहतात आणि परत फिरतात. ज्यांची मोजदाद झाली नाही त्यांना याहून अधिक काही देणे आता कोणाच्याही हाती नाही. आपल्या गावच्या रुग्णालयात आज रात्री जो कोणी एकटा जागा आहे, त्याच्याविषयी मात्र दोन ओळी अधिक लिहिता येतील, आणि सकाळी बाहेर बाकावर बसलेल्या त्याच्या घरच्यांना त्या वाचून दाखवता येतील.